वाडा रिकामा करायचाय: पाच खोल्यांतलं सामान दोन खोल्यांत कसं न्यावं?

सुमेधा_शनिवार

नमस्कार मंडळी. शनिवार पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. आम्ही भाडेकरू. करार झालाय, दिवाळी झाली की चाव्या द्यायच्या. पाच खोल्या, माळा, जिन्याखालची अंधारी खोली आणि मागची पत्र्याची शेड एवढ्यातलं सामान आधी कोथरूडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणि नंतर वन बीएचकेत मावायला हवं. घरात मी आणि आई दोघीच. आई एक्क्याऐंशीची आहे, डोकं लख्ख आहे, गुडघे साथ देत नाहीत. भाऊ न्यूझीलंडला असतो.

सामानाची थोडी कल्पना देते. माळ्यावर तांब्याचा बंब, घंगाळं, पितळेची पिंपं, पंगतीला लागणारी पातेली, ओगराळी, पाट. सहा-सात पत्र्याच्या ट्रंका, त्यांतल्या दोन नुसत्या कागदांनी भरलेल्या. कापसाच्या गाद्या. बाबांची पुस्तकं आणि वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक. आजीचं जातं, पाटा-वरवंटा. शेडमध्ये बाबांची स्कूटर, मोठ्या पेटीएवढा जुना टीव्ही, सुतळीची बंडलं, रिकामे डबे.

हे सगळं का साठलं तेही सांगते, म्हणजे कुणी आईला नावं ठेवणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्याचा तळमजला पाण्याखाली गेला. आजी अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली. परत आली तेव्हा घरात चिखल होता आणि माळ्यावर असलेलं तेवढं वाचलं होतं. त्यानंतर तिने सुतळीचा तुकडाही टाकला नाही आणि जे चांगलं ते सगळं वर चढवलं. आई काही वर्षांनी त्या घरात सून म्हणून आली आणि तीच शिस्त तिच्या हाताला लागली.

मला दोन गोष्टी हव्यात. आईला वाईट वाटेल असं काही होऊ नये, आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाऊ नये. सुरुवात कुठून करू?

अनघा_ठाणे

सुमेधाताई, सासू-सासऱ्यांचं नौपाड्यातलं घर मी असंच आवरलंय, त्यामुळे अगदी आतून सांगते. सुरुवात शेडपासून करा. माळ्यापासून नको आणि फोटोंपासून तर मुळीच नको. शेडमधल्या गंजलेल्या डब्यांत कुणाचा जीव गुंतलेला नसतो. तिथे हात बसतो, "हे जाऊ दे" म्हणायची सवय होते. मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी.

पण त्याहीआधी कोथरूडच्या खोल्यांची मापं घ्या. टेप घेऊन जा. कपाट किती रुंदीचं बसेल, पलंगाखाली किती उंची मिळेल, स्वयंपाकघरात मांडणी कुठे लागेल, सगळं कागदावर उतरवा. आमच्याकडे सासूबाई "हे राहू दे, तेही राहू दे" म्हणत होत्या. मी त्यांना नव्या घरात नेलं आणि खडूने जमिनीवर कपाटाची जागा आखून दाखवली. त्यानंतर काय न्यायचं ते त्यांनीच ठरवलं, मला एकदाही "नाही" म्हणावं लागलं नाही.

आईंना खुर्चीत बसवा आणि वस्तू त्यांच्यापुढे आणा. त्यांना माळ्यापर्यंत नेऊ नका. सकाळी तास-दीड तास पुरे. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते, त्या दवाखान्यात किंवा गावाला असताना घर आवरायचं नाही. "आई नसताना पटकन उरकून टाकू" असा सल्ला खूपजण देतील. ऐकू नका. माणूस परत येऊन आपलं फडताळ रिकामं बघतं तेव्हा विश्वास जातो, आणि पुढची प्रत्येक वस्तू मग घट्ट धरून ठेवली जाते.

गिरीश_के

माझं मत वेगळं आहे, ताई. पटलं नाही तरी एकदा विचार करा. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी "चांगल्या घरी जावं" म्हणून सामान गोडाऊनमध्ये ठेवलं. दरमहा भाडं भरत राहिलो. कुणाला गाद्या नकोत, कुणाला पाट नकोत, शोकेस तर फुकटही कुणी नेईना. भाड्यात गेलेल्या पैशात त्या सामानाच्या दुप्पट सामान आलं असतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे प्रत्येक वस्तूवरून फोनाफोनी व्हायची आणि आमच्यात कडवटपणा आला. तुमच्याकडे तारीख ठरलेली आहे. जे नव्या घरात बसतं ते न्या आणि उरलेलं एका टेम्पोत भरून द्या. आईची तब्येत आणि तुमची पाठ या दोन्ही गोष्टी बंबापेक्षा मोलाच्या आहेत.

अनघा_ठाणे

गिरीशदादा, गोडाऊनबद्दल शंभर टक्के अनुमोदन. जे पुढच्या घरात मावत नाही ते भाड्याच्या जागेत ठेवू नये. पण टेम्पोत सरसकट भरण्याआधी कागद आणि धातू तरी बाजूला काढाच.

निवृत्त_बँकवाला

कागदांबद्दल मी लिहितो, हयात त्यातच गेली.

सुमेधाताई, त्या दोन ट्रंकांतला एकही कागद बघितल्याशिवाय रद्दीत घालू नका. गठ्ठा उचलून वरवर चाळायचा नाही, कागद न् कागद उलटायचा. जुन्या पिढीला पासबुकात नोटा, पोथीत पावत्या आणि एलआयसीच्या पाकिटात शेअर सर्टिफिकेट ठेवायची सवय होती.

कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर हरखून जाऊ नका आणि टाकूनही देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करावे लागतात. धारक हयात नसेल तर वारसांच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया असते. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग झालेले असू शकतात. तेही परत मिळतात, आयईपीएफ-५ नावाचा अर्ज असतो. वेळखाऊ आहे, पण एजंटाला टक्केवारी देण्याआधी स्वतः कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र लिहा.

जुन्या बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल सुरू केलंय. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी तिथे नावाने शोधता येतात. वडिलांचं नाव वेगवेगळ्या पद्धतीने टाकून बघा, कारण जुन्या बँकांत स्पेलिंगचा काही नेम नाही. पोस्टाची सर्टिफिकेटं सापडली तर सरळ पोस्टात नेऊन विचारा.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा गादीखाली सापडल्या तर आठवण म्हणून दोन-चार ठेवायला हरकत नाही. दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. लोकांना हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि तुम्ही भाडेकरू आहात, तेव्हा भाड्याच्या जुन्या पावत्या, घरमालकाशी झालेला पत्रव्यवहार, वीजबिलं आणि रेशनकार्ड हे सगळं नवीन जागेचा ताबा हातात येईपर्यंत एका फाइलीत आणि त्या फाइलीच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या घरी.

मोडीवाचक

बँकवाले काकांच्या यादीत आणखी एक भर. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे उतारे, जमिनीचे जुने फेरफार, खरेदीखतं ही कुठल्याही जातीच्या घरात सोन्यासारखी जपा. जात पडताळणीला ठरावीक तारखांच्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद मागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. घर आवरताना पणजोबांचा दाखला रद्दीत गेला आणि नातवाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो मिळेना, असे लोक माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसलेत. तुम्हाला स्वतःला गरज नसली तरी चुलत-मामे घरांना विचारा.

ट्रंकेत मोडी लिपीतले जुने कागद असतील तर ते पिवळे पडलेत, वाचता येत नाहीत म्हणून फेकू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कागद कायमचा जातो. चिकटपट्टीही नको. घडी पडली असेल तिथेच फाटतो, म्हणून हलक्या हाताने उलगडून साध्या सुती कापडात ठेवा. त्यात बहुतेक वेळा घरखर्चाचे हिशेब, कर्जरोखे, सोयरीक-संबंधाची पत्रं असतात. घरच्यांना ती किरकोळ वाटतात, पण एखाद्या वर्षी तूप काय भावाने होतं आणि मुलीच्या लग्नाला किती कर्ज काढलं हे दुसरीकडे कुठे लिहिलेलं नसतं. पुण्यातच आहात, तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. १९१० पासून ती संस्था हेच काम करते आहे. मूळ कागद द्यायचे नसतील तर निदान फोटो काढून घेऊ द्या.

सुमेधा_शनिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. शेड रिकामी झाली! अनघाताईंचं खडूचं फार उपयोगी पडलं. आईने कोथरूडच्या स्वयंपाकघरात उभं राहून हाताने माप घेतलं आणि म्हणाली, "एक मोठं पातेलं आणि माझी परात, बास."

आता अडलंय ते भांड्यांवर. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं आहे. काल एक तांब्या पुसला तर त्यावर कुणाच्या तरी मौंजीची तारीख आणि "आत्याकडून सप्रेम" निघालं. आई प्रत्येक भांडं हातात घेऊन काठावरून बोट फिरवते, नाव वाचते आणि त्या माणसाबद्दल सांगते. मला ते ऐकायला आवडतंय, पण भांडं काही बाजूला पडत नाही. हे विकायचं कसं?

तांबट_आळी

मी कसब्यातल्या तांबट आळीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ताई, आधी धातू वेगळे करा. तांबं, पितळ, कासं, जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम) आणि स्टील असे पाच ढीग. कासं ओळखायला सोपं आहे. ताट उभं धरून बोटाच्या पेराने वाजवा, घंटेसारखा लांबणारा नाद येतो. पितळ लगेच गप्प होतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. ते पितळेच्या ढिगात जाऊ देऊ नका, मोडवाले सरसकट पितळेच्या भावाने उचलतात.

दुसरं, घरी वजन करा. किराणा दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्या काट्यावर करून चिठ्ठी ठेवा. मोडीत देताना लोखंडी कड्या, लाकडी मुठी, आतली लाख यांची घट धरतात आणि ते बरोबरच आहे, पण किती धरली ते विचारा. त्या दिवसाचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारून मगच द्या. दारावर येणाऱ्याला बंब देऊ नका.

तिसरं, सगळं मोडीत घालायची गरज नाही. मोडीत गेलेलं भांडं वितळतं. तांब्याचा चांगला बंब, ठोक्यांचं घंगाळं, जुन्या घडणीची समई यांना तशाच तशा घेणारे लोक आहेत. आमच्याकडे येतात, हॉटेलवाले आणि बंगलेवाले येतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारून आधी फक्त भाव ऐकून या, विकायला काही नेऊ नका. अंदाज येतो.

आणि वापरायचं असेल तर वापरा. लहान पितळी पातेल्याला कल्हई लावून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकतात, कथील फिरवतात आणि कापसाच्या बोळ्याने पुसतात, पाच-दहा मिनिटांचं काम. आंबट पदार्थ मात्र कल्हई गेलेल्या पितळेत ठेवायचा नाही.

नावांचं म्हणाल, तर आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. त्यांनी नाव घातलेलं प्रत्येक भांडं त्या त्या माणसाच्या मुलाला नाहीतर नातवाला परत पाठवलं. "तुझ्या आजीने माझ्या लग्नात दिलं होतं, आता तुझ्याकडे असू दे." ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं तेवढीच मोडीत आली. मला ती पद्धत फार पटली. तुमच्या आईंना विचारून बघा.

रेवती_एडिसन

ताई, परदेशातल्या भावंडाच्या बाजूने लिहिते. आम्हाला वस्तू नको असतात असं नाही, पण तेवीस किलोच्या बॅगेत काय येणार? भावाला "तुला काय पाठवू" असं विचारू नका, उत्तर "काही नको" असंच येईल. व्हिडिओ कॉल लावा आणि एकेक वस्तू दाखवा. माझ्या आईने तसं केलं आणि मी एका फुटक्या दांडीच्या झाऱ्यावर अडले, कारण त्याच झाऱ्याने आजी अनारसे काढायची. तो झारा आज माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

एक कायद्याची गोष्ट मात्र माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. जुनी मूर्ती, पोथी, नक्षीचं काम भावाच्या बॅगेत भरण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. पोथ्यांचं बाड असेल तर विमानतळावर अडकण्यापेक्षा ते पुण्यातच चांगल्या ठिकाणी गेलेलं बरं.

गोदाकाठ

कपड्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या नाशकात अजून बोहारीण येते, पण पूर्वीसारखं नाही. आधी चार साड्यांवर स्टीलचा डबा मिळायचा, आता प्लास्टिकचा टब पुढे करते. तरी मी तिलाच देते. तिच्याकडचे कपडे धुऊन, शिवून पुन्हा बाजारात जातात आणि कुणीतरी ते अंगावर घालतं.

जरीच्या साड्या मात्र तिला देऊ नका. "जुनी जरी घेणार" म्हणून ओरडत फिरणाऱ्यालाही लगेच देऊ नका. जुन्या पैठणी-शालूंत खरी चांदीची जर असते, ती जाळून चांदी काढतात. ओळखीच्या सराफाकडून आधी तपासून घ्या. आणि साडीचा पोत गेला असेल पण काठ-पदर चांगले असतील तर काठ काढून नव्या कापडाला लावून मिळतात. सुती नऊवारी लुगड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. गोधडी शिवणाऱ्या बायका पेठांतून आजही मिळतील, त्यांनाही काम होईल. एका लुगड्यात बाळाची दुपटी तर ढिगाने होतात.

उरलेले धड कपडे 'गूंज'ला देता येतात. १९९९ पासून ही संस्था शहरातले कपडे गावांत पोचवते, पूर आला की तिथेही. फक्त धुऊन, घड्या घालून द्या. बटणं तुटलेला शर्ट देताना आधी बटण लावा. घेणाऱ्याला तो मान द्यायला हवा.

कापसाच्या गाद्या पिंजून घेतल्या तर दोन गाद्यांची एक नवी गादी आणि चार उशा सहज होतात. फोमपेक्षा तुमच्या आईंच्या पाठीला ती बरी.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे मोठ्या घराची वाटणी म्हणजे कोर्टात इन्व्हेंटरी. मालमत्तेची यादी दाखल होते. वारसांत जमलं तर ठीक, नाही तर आपसात बोली लागते आणि जास्त बोलीवाल्याकडे वस्तू जाते, बाकीच्यांना पैसे मिळतात. ही पद्धत पोर्तुगीज काळापासूनची, आता २०१२ च्या कायद्यात आहे. कोर्टकचेरी कुणालाच नको, पण यादी करण्याची शिस्त मात्र तुम्ही जरूर घ्या. एका वहीत वस्तू, कुणाला दिली, तारीख. आमच्या घरात आजीची यादी होती म्हणून सोन्यावरून एक शब्द झाला नाही. ज्या घरांत यादी नव्हती तिथे दोन चुलते एका नक्षीच्या खुर्चीवरून अजून बोलत नाहीत.

सुमेधाबाय, भावाला त्या वहीचे फोटो पाठवत राहा. लांब असलेल्याच्या मनात शंका यायला जागाच राहत नाही.

सुमेधा_शनिवार

तांबट आळीचे दादा, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "वही आण." आता ती सांगते आणि मी लिहिते, कुठलं भांडं कुणाच्या घरी. मौंजीचा तांब्या ज्याच्या मौंजीतला होता ते काका आता नाहीत, त्यांचा नातू बाणेरला राहतो. काल येऊन घेऊन गेला. त्याला आत्याआजीचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आईने त्याला अर्धा तास तिच्याबद्दल सांगितलं. मांडवीकाठ, वहीत तारीखही लिहितेय.

कागदांत आजोबांचं रेडिओचं लायसन्स सापडलं, पोस्टाचा शिक्का असलेलं. ते ठेवणार. शेअरही निघालेत, बँकवाले काका, तुम्हाला वेगळं विचारेन.

आता दोन प्रश्न. पुस्तकं आणि देव.

पुस्तकपेटी

पुस्तकांचं मी सांगते, मी सार्वजनिक वाचनालयात काम करते.

कटू वाटेल, पण वाचनालयांना तुमची सगळी पुस्तकं नको असतात. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती आमच्याकडे पडूनच असतात. म्हणून पोती भरून दारात आणू नका. आधी यादी करा: नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष. यादी पाहिली की आम्ही लगेच सांगतो काय हवं. खरी मागणी असते ती स्थानिक इतिहासाला, शाळा-संस्थांच्या स्मरणिकांना, ज्ञातीच्या नियतकालिकांना, कुलवृत्तांतांना आणि फुटकळ छापलेल्या चरित्रांना, कारण ती पुन्हा छापली जात नाहीत. लोक नेमकी हीच आधी रद्दीत देतात.

दिवाळी अंकांचंही तसंच. मराठीत पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला. साठ-सत्तरच्या दशकातले अंक सलग वर्षांचे असतील तर संग्राहक आणि अभ्यासक घेतात. सुटे, फाटके, अलीकडचे असतील तर शेजारच्या वृद्धाश्रमात द्या, तिथे ते शेवटच्या पानापर्यंत वाचले जातात. बाकी चांगल्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना घरी बोलवा.

वडिलांनी समासात टिपणं केलेली पुस्तकं मात्र कुणालाही देऊ नका. चार-पाचच असतात. तेवढी जागा निघते.

अनघा_ठाणे

देवांबद्दल. आमच्याकडे देव्हाऱ्यात टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन शाळिग्राम आणि भिंतीवर अक्षरशः वीस तसबिरी. टाक आणि अन्नपूर्णा घरातच राहतात, त्यांना जागा लागते किती? भाऊ परदेशात असला तरी कुळाचार कोण करणार हे त्याच्याशी बोलून ठरवा. तसबिरींचं आमच्या गुरुजींनी सांगितलं ते पटलं. हळदकुंकू वाहून, नमस्कार करून फ्रेम उघडायची. काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा. कागद घरच्या कुंडीतल्या मातीत मिसळायचा. नदीत सोडायचं नाही आणि पिंपळाखाली ठेवून यायचं नाही. तिथे ऊन-पावसात देवाची जी दशा होते ती रोज दिसते आणि जीव तुटतो.

सचिन_चिंचवड

शेडमधून काढलेल्या सामानाबद्दल. जुना डब्यासारखा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्याच्या तारेसाठी फोडतो, आणि त्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. हे सगळं ई-कचऱ्यात अधिकृत गोळा करणाऱ्यांकडेच द्यायचं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तुमच्या दारात येत असतीलच. त्यांना विचारा, जुन्या सामानाचं आणि ई-कचऱ्याचं संकलन त्या करतात.

स्कूटर नुसती विकून टाकू नका. गाडी वडिलांच्या नावावर आहे. उद्या तिच्यावर काही झालं तर पत्ता तुमचा निघेल. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.

वडिलांचा वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी असं काही असेल तर रुग्णसाहित्य केंद्रात द्या. नाममात्र अनामतीवर गरजूंना वापरायला देतात, एकच व्हीलचेअर किती घरी फिरते! मुदत संपलेली औषधं मात्र कुणालाच देऊ नका आणि संडासातही टाकू नका.

रेवती_एडिसन

फोटोंचं राहिलं. स्कॅन करताना ६०० डीपीआयवर करा, छोटे कृष्णधवल फोटो मोठे करता येतात. पण स्कॅनिंगच्या आधी आईंना बसवून प्रत्येक फोटोतली माणसं विचारा आणि मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनाने नको. मोबाइलवर त्यांचा आवाजही रेकॉर्ड करा. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला अनोळखी माणसांचा फोटो असतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका, दात साफ करायचा बारीक धागा मागून सरकवला की अलगद सुटतात.

गिरीश_के

सगळं वाचतोय. टेम्पोचं माझं म्हणणं आमच्यासाठी खरं होतं, कारण आमची आई तेव्हा नव्हती. सांगणारं माणूस गेल्यावर वस्तू नुसत्या वस्तू उरतात आणि मग त्यावरून भांडणं होतात. ताई, तुमच्याकडे सांगणारं माणूस आहे. ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी वाडा पडायची वाट न बघता हे आत्ताच करावं, एवढं मला मनापासून वाटतं. फक्त तारखेच्या पंधरा दिवस आधी थांबा. शेवटचे पंधरा दिवस बांधाबांधीला लागतातच.

सुमेधा_शनिवार

गिरीशदादा, पटलं. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.

उरलेलं सांगते. मोडी कागद मंडळात दाखवायला घेऊन जाणार आहोत. आजीचा पानाचा डबा आणि अडकित्ता आई स्वतःजवळ ठेवतेय. केळकर संग्रहालयात तसलेच अडकित्ते बघून आल्यापासून तिला त्याचं फार अप्रूप आहे. दिनकर केळकरांनी असल्याच घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला, हे वाचल्यावर ती म्हणाली, "म्हणजे देणारा काही गमावत नाही."

आता फक्त जातं आणि पाटा-वरवंटा उरलेत. कुणी उचलायला तयार नाही.

गोदाकाठ

ताई, जातं मंगल कार्यालयात विचारा. हळद दळायला, घाणा भरायला लग्नघरांना जातं लागतंच आणि शहरात ते मिळत नाही. खुंटा सैल असेल तर ठोकून घ्या आणि टाकीवाला, म्हणजे जात्याचा दगड छिन्नीने खरबरीत करून देणारा, सापडला तर टाकी घालून द्या. पाटा-वरवंटा नव्या घराच्या बाल्कनीत एका कोपऱ्यात बसेल, दोन फूट जागा लागते. आईंच्या गुडघ्यांना जमणार नाही, पण उंच कट्ट्यावर ठेवला तर तुम्ही उभ्याने चटणी वाटू शकाल.

तांबट_आळी

टाकीवाला हवा असेल तर ताई, मंडईच्या मागे दगडाचं काम करणारे बसतात, तिथे चौकशी करा. आणि बंबाचं ठरलं की निरोप द्या. मी स्वतः येऊन बघतो, मोडीत जाऊ देणार नाही.